'बरे नाही' म्हणजे नेमके काय?

स्थानकात महासतीजींना वंदन करून श्रावक पहिली विचारपूस करतो ती 'सुखसाता आहे ना?' या शब्दांनी. आजाराचे नावही न घेता प्रकृती विचारण्याची ही रीत मोठी मार्मिक आहे. साता म्हणजे जिवाला लाभलेले स्वास्थ्य, आणि ते हरवले की असाता. वेदनीय कर्माचे हेच दोन भेद 'तत्त्वार्थसूत्रा'त सद्वेद्य आणि असद्वेद्य या नावांनी येतात. गंमत अशी की इंग्रजीतील 'डिसीज' हा शब्दही याच घडणीचा आहे. जुन्या फ्रेंच भाषेतून आलेल्या या शब्दात 'ईज' म्हणजे स्वास्थ्य आणि 'डिस' म्हणजे त्याचा अभाव. असातेचे याहून नेमके भाषांतर कोणाला सुचले नसते.

अहिल्यानगरच्या कापड बाजारात, दाळमंडईत, पाथर्डी-जामखेडच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारी आपली बहुतेक घरे तीन भाषांत नांदतात. स्वयंपाकघरात मारवाडी, दुकानात मराठी आणि नातवंडांच्या दप्तरात इंग्रजी. घरातल्या आजीला बरे नसते तेव्हा ती नुसते 'बरे नाही' असे म्हणत नाही. तिला ताप येण्यापूर्वी कणकण वाटते, अंग मोडून येते, डोके जड होते. पोट डचमळते, मळमळते, उमासे येतात. चक्कर आणि भोवळ यांत ती फरक करते. डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तिच्या लेखी तिसरीच गोष्ट. दुखण्यालाही तिच्याकडे वेगवेगळी नावे आहेत: ठणका, कळ, चमक, सणक. ठणका राहून राहून लागतो, चमक क्षणात भरून क्षणात जाते. आणि काहीच सांगता येईना, तर मारवाडीत 'जी दोरो' आहेच. सोरो म्हणजे सुखाचा, दोरो म्हणजे अवघड. जीव अवघडला आहे, एवढेच.

याच घरातील नातवाजवळ मात्र एकच वाक्य असते: 'नॉट फीलिंग वेल'. हा दोष इंग्रजीचा नव्हे. मळमळीसाठी तिच्याकडे 'क्वीझी' आहे, गरगरण्यासाठी 'गिडी' आहे, थकून गेलेल्या देहासाठी 'रन डाउन' आहे आणि किरकोळ अस्वास्थ्यासाठी 'अंडर द वेदर' आहे. 'सिक' हा शब्द अमेरिकेत साध्या आजारपणासाठी चालतो; ब्रिटनमध्ये 'मी सिक झालो' असे म्हटले, तर ऐकणारा बहुधा उलटी झाली असे समजेल. इतका बारकावा त्या भाषेत आहे. आपल्या मुलांनी त्यातले परीक्षेपुरते घेतले आणि आजीचे सोडून दिले. शाळेला दोष देण्याआधी घरातल्या गप्पा किती उरल्या आहेत, ते पाहिलेले बरे.

ही केवळ शब्दांची हौस असती, तर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. पण समजा, रात्री अकरा वाजता आजी म्हणते, 'छातीवर दडपण आल्यासारखे वाटते, जीव घाबरा होतो.' रुग्णालयात डॉक्टर विचारतात, छातीत दुखते का? नातू मोठ्या तत्परतेने उत्तर देतो, 'नो पेन, जस्ट अनईझी.' त्याने खोटे सांगितलेले नाही; पण सर्वांत महत्त्वाचा शब्द त्याच्या भाषांतरात गळून पडला. हृदयविकाराच्या झटक्यात अनेकांना दुखत नाही. दाब, आवळल्यासारखे किंवा जडपणा जाणवतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर कधी केवळ धाप, मळमळ, घाम किंवा अकारण थकवा एवढीच लक्षणे असतात. 'दडपण' हा शब्द डॉक्टरांच्या कानी तसाच पडला असता, तर छातीचा आलेख आधी निघाला असता.

इंग्रजीत आणखी एक नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. 'पुअरली' म्हणजे वाईट रीतीने, आणि 'पुअरली' म्हणजे आजारीही. 'इल' हा शब्द उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला तेव्हा त्याचा अर्थ वाईट, दुष्ट असा होता. आजारी हा अर्थ त्याला नंतर चिकटला. वाममार्गाने मिळवलेल्या धनाला इंग्रज आजही 'इल-गॉटन' म्हणतो. काम बिघडणे आणि प्रकृती बिघडणे यांची अशी सांगड मराठीनेही घातली आहे. घसा बसतो तसा धंदाही बसतो. प्रकृती खालावते, तशी विक्रीही खालावते. अंग मोडून येते आणि दुकानही मोडते.

सरकारनेही हीच भाषा उचलली. १९८५ च्या आजारी औद्योगिक कंपन्यांविषयीच्या कायद्याने 'सिक' हा शब्द थेट कारखान्यांना लावला. संचित तोट्याने ज्या कंपनीचे स्वतःचे सारे भांडवल गिळले, ती आजारी. तो कायदा २०१६ साली रद्द झाला. पण रोग्याला नाडीचे ठोके नसताना दाखल करावे, तसा तो उपचार बहुधा उशिराचाच असे. आता बँका लवकर नाडी पाहतात. कर्जाचा हप्ता किंवा व्याज थकले की ३० दिवसांपर्यंत एक वर्ग, ६० पर्यंत दुसरा, ९० पर्यंत तिसरा आणि त्यानंतर खाते अनुत्पादक.

तरीही व्यापारी बँकेत जाऊन सांगतो काय? 'सध्या धंदा डाउन आहे.' हे दुकानदारीतले 'नॉट फीलिंग वेल' झाले. वास्तविक, मागणी मंदावली, की उधारी अडकली, की माल पडून राहिला, की दुकानाचे भांडवल घरबांधणीत गुंतले, हे चार निराळे रोग आहेत. उधारी अडकलेल्याला वसुली हवी, वाढीव कर्ज नव्हे. घरात भांडवल गुंतवलेल्याने सीसी खात्याची मर्यादा वाढवून घेतली, तर दुखणे वाढतेच. पूर्वीचे मुनीम रोजमेळ पाहून हे बरोबर ओळखत. त्यांच्या तोंडी 'डाउन' हा शब्द नव्हता.

कामातल्या चुकांचेही तसेच. नोकराने काम 'खराब' केले असे म्हणून मालक मोकळे होतात. पण त्याने पाट्या टाकल्या असतील तर मन नव्हते, घोळ घातला असेल तर शिस्त नव्हती, हेळसांड केली असेल तर आस्था नव्हती. आणि नुसता चुकला असेल तर त्याला कोणी शिकवलेच नव्हते. या शेवटच्या माणसाला रागावून काही उपयोग नाही.

वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेताना काही घरांनी एक साधी पद्धत ठेवली आहे. निघण्यापूर्वी आजीचे म्हणणे तिच्याच शब्दांत कागदावर उतरवून घेतात: कुठे, केव्हापासून, ठणका की चमक, चक्कर की भोवळ. जिल्ह्यातल्या डॉक्टरांना यातले बहुतेक शब्द ठाऊक असतात. भाषांतर त्यांच्यावर सोडलेले बरे.