डोमेन आधी घेतलं म्हणजे नाव तुमचं झालं का?

समजा, नारायणगावजवळ तुमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. पाच-सहा वर्षांत नाव झालं, पुण्या-मुंबईचे पर्यटक येऊ लागले. आता वेबसाइट करायला घेतली, तर त्याच नावाचं ‘डॉट कॉम’ कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. वर निरोप येतो, “नाव हवं असेल तर दोन लाख द्या.”

२०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. जुन्नर असो की आंबेगाव, मुक्कामाचं बुकिंग आणि शेतमालाची विक्री मोबाइलवर होऊ लागली आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त मोठ्या कंपन्यांचा राहिलेला नाही.

आधी येईल त्याला डोमेन

डोमेन विकणारी कंपनी नावामागचा खरा व्यावसायिक कोण, हे तपासत नाही. जो आधी पैसे भरेल, त्याला नाव मिळतं. पण नोंदणी म्हणजे मालकी नव्हे, हे भारतातल्या कोर्टांनी पूर्वीच स्पष्ट केलंय.

रेडिफ विरुद्ध ‘रॅडिफ’

१९९९ मध्ये हा वाद मुंबई हायकोर्टात गेला. रेडिफ डॉट कॉम चालू असताना ‘सायबरबूथ’ने ‘रॅडिफ डॉट कॉम’ घेतलं. रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांतली अक्षरं जोडून नाव बनवलं, असा त्यांचा खुलासा होता. कोर्टाला तो पटला नाही. डोमेन हा निव्वळ पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं सांगत कोर्टाने ते नाव वापरायला मनाई केली.

पुढे ‘सिफी’ आणि ‘सिफ्फीनेट’चा वाद सुप्रीम कोर्टात पोहोचला. सिफ्फीनेटचं म्हणणं होतं, की हे पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं आहेत. कर्नाटक हायकोर्टात सिफी हरली, पण २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकली. डोमेनसाठी वेगळा कायदा नसला, तरी ‘पासिंग ऑफ’ म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला धंदा खपवणं इथेही रोखता येतं, असं कोर्टाने म्हटलं.

कोर्टाशिवाय दाद कुठे?

‘डॉट कॉम’साठी यूडीआरपी ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. जिनिव्हातली ‘वायपो’ ही संस्था अशा तक्रारी घेते. ‘डॉट इन’साठी निक्सीची आयएनडीआरपी पद्धत आहे, तिथे लवाद निकाल देतो. दोन्हीकडे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात:

- डोमेन तुमच्या नावाशी फसवं साम्य असलेलं आहे.
- समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही.
- त्याचा हेतू वाईट आहे. उदाहरणार्थ, तुम्हालाच चढ्या भावाने विकणं.

जिंकलात तर डोमेन तुमच्याकडे येऊ शकतं. यूडीआरपीत नुकसानभरपाई मात्र मिळत नाही.

गावाच्या नावाचं काय?

खरी मेख इथे आहे. ‘जुन्नर’, ‘भीमाशंकर’ ही नावं सगळ्यांची आहेत. मालाचं ठिकाण सांगणाऱ्या नुसत्या शब्दाला सहसा ट्रेडमार्क मिळत नाही. त्यामुळे तुमचं नाव ‘जुन्नर द्राक्षे’ एवढंच असेल, तर शेजाऱ्याला अडवणं अवघड. गावाच्या नावाला स्वतःचा वेगळा शब्द जोडला, तर बाजू भक्कम होते.

आत्ताच काय कराल?

- बोर्ड रंगवण्याआधी डोमेन बघा. ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट इन’ दोन्ही घ्या.
- डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या नावावर आहे ना, ते तपासा.
- ट्रेडमार्कसाठी अर्ज करा. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे.
- जुनी बिलं, जाहिराती, बुकिंगच्या नोंदी जपून ठेवा. नाव आधीपासून तुमचं होतं, हे वाद झाला तर त्याच सिद्ध करतील.