वणव्याआधीचे काम : मिनी ट्रॅक्टर, त्याची औजारे आणि पाड्याभोवतीचा मोकळा पट्टा



वणव्याची बातमी वाचली की मंडळीत कोणीतरी विचारते, "आपण पाड्याला एखादा ट्रॅक्टर किंवा पाण्याचा टँकर देऊ या का?" विचार चांगला आहे. पण देणगी गोळा करण्याआधी असे यंत्र नेमके काय करते, कुठे चालत नाही आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यात उपयोगी पडते, हे समजून घेतले पाहिजे. म्हणून हा लेख.

पाड्याचे काय जळते

जंगलालगत राहणाऱ्या कुटुंबाची वर्षाची बरीचशी कमाई उघड्यावर असते. गुरांसाठी रचलेली गवताची गंजी, कुडाच्या भिंतींचे आणि गवताने शाकारलेले घर, अंगणाबाहेरचा गोठा, बांधावर लावलेली आंब्या-काजूची कलमे, हे सारे एका दुपारी जाऊ शकते. मोह, चारोळी आणि तेंदू ही जंगलातली मिळकतही मार्च ते मे या महिन्यांतच हाती येते, आणि वणव्याचा काळही नेमका तोच. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादनाला वारंवार आग लागण्याचा धोका आहे. आपल्याकडची साग, ऐन, पळस यांची पानगळीची जंगले उन्हाळ्यात अक्षरशः वाळलेल्या पाचोळ्यावर उभी असतात.

आग बहुतेक वेळा माणसाकडूनच लागते. मोहाची फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून आग लावली जाते. पालघर, नाशिक, रायगडकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याची ठिणगी वाऱ्याने कुंपणापलीकडे जाते. रस्त्याने जाणाऱ्याने टाकलेली विडीही पुरते. तेव्हा सारा दोष आदिवासी कुटुंबांवर टाकणे बरोबर नाही. त्यांची रीत पिढ्यानपिढ्यांची आहे, आणि नुकसानही सर्वांत आधी त्यांचेच होते.

पाणी का पुरत नाही

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, उष्णता आणि हवा. शहरात आपण पाणी मारून उष्णता काढून घेतो. एप्रिलमध्ये मात्र ज्या पाड्यावर पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, तिथे वणव्यासाठी पाणी आणणार कोठून? मिनी ट्रॅक्टरच्या मागे ५०० लिटरची टाकी लावली, तरी गवत पेटलेल्या लांबलचक रांगेपुढे ती काही मिनिटांत रिकामी होते.

हवा काढून घेणे आपल्या हाती नाही. उरते जळण. ते आग येण्याआधी, सवडीने आणि माणसांना धोक्यात न घालता काढता येते. वन विभाग याच तत्त्वावर जंगलात 'जाळरेषा' काढतो. ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत-पाचोळा हिवाळ्यात कापून, जाळून किंवा झाडून टाकला की पुढे आलेल्या आगीला त्या पट्ट्यात खायला काही उरत नाही. पाडा, शाळा, वसतिगृह, गंजी यांच्याभोवती असाच पट्टा करता येतो, आणि यंत्राचा खरा उपयोग इथेच होतो.

कोणते औजार काय करते

मिनी ट्रॅक्टर म्हणजे साधारण १५ ते २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर. त्याच्या मागे वेगवेगळी औजारे जोडता येतात, आणि प्रत्येकाचे काम निराळे असते.

*स्लॅशर.* हे गवत कापणारे औजार. पीटीओ दांड्यावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, त्याची पाती चालतात. कमरेएवढे गवत आणि कोवळी झुडपे ते झटपट कापते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी : कापलेले गवत तिथेच पडून राहिले तर तेही पेटते. ज्वाळा खुजी होते, आग थांबत नाही. म्हणून स्लॅशरमागून दंताळे घेतलेली माणसे हवीतच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हे काम केले, तर गोळा केलेले गवत चारा म्हणून गंजीवर जाते. हेच गवत फेब्रुवारीपर्यंत उभे राहिले, तर त्याचा कस गेलेला असतो.

*रोटाव्हेटर.* हा वरची माती उलथतो, त्यामुळे गवताची मुळे आणि पाचोळा मातीत मिसळून उघडी जमीन दिसते. उघड्या मातीवर आग चालत नाही. सपाट शेताच्या कडेने, गंजीभोवती आणि वसतिगृहाच्या आवाराबाहेर याच्यासारखे दुसरे औजार नाही. उतारावर मात्र तो चालवू नये. मोकळी केलेली माती जूनच्या पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते, आणि वणव्यापासून वाचवलेले शेत पावसाला दिल्यासारखे होते.

*मागचे पाते.* याला काही ठिकाणी लेव्हलर म्हणतात. ते जमीन न उकरता वरचा पाचोळा खरवडून बाजूला करते. जुन्या बैलगाडीच्या वाटा आणि पायवाटा यांचा जाळरेषेसाठी उपयोग करायचा असेल, तर हे पाते सर्वांत सोयीचे.

*टाकी आणि एचटीपी पंप.* फळबागेत औषध फवारायला शेतकरी वापरतात तोच हा पंप. आगीच्या तोंडावर उभे राहून पाणी मारण्यासाठी तो नाही. पट्ट्याची कड ओली करणे, राब भाजताना चारही बाजूंना पाणी मारून ठेवणे, आणि आग गेल्यावर धुमसणारे बुंधे व शेणाच्या गोवऱ्या विझवणे ही त्याची कामे.

या जोडीला पाठीवर अडकवायचा ब्लोअर असतो. वन विभागाचे कर्मचारी जंगलात पाचोळा उडवण्यासाठी तो वापरतात. जिथे ट्रॅक्टर पोहोचत नाही, तिथे ब्लोअर आणि खराटा हीच साधने.

किती पट्टा, किती वेळ

एक साधा हिशेब मांडू. पाड्याभोवती एक किलोमीटर लांब आणि तीन मीटर रुंद पट्टा काढायचा म्हणजे ३,००० चौरस मीटर, जवळजवळ पाऊण एकर. औजाराची रुंदी एक मीटर धरली तर तीन फेऱ्या, म्हणजे तीन किलोमीटर चाल. दगड, खड्डे, वळणे धरूनही सपाट जागेवर हे यंत्राचे काम अर्ध्या दिवसात उरकते. विळ्याने हेच काम करायला अनेक माणसांचे कित्येक दिवस लागतात, आणि त्या दिवसांची मजुरी बुडते. यंत्राचे मोल या वाचलेल्या दिवसांत आहे.

तीन मीटर सगळीकडे पुरतात असे नाही. गवत उंच असेल, वारा जोराचा असेल किंवा घर चढाच्या वरच्या बाजूला असेल, तर पट्टा रुंद हवा. आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून वाळवते. उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अंदाज आग विझवणारे वापरतात. म्हणून टेकडीवरच्या पाड्याने खालच्या बाजूचा पट्टा आधी करावा. वाऱ्याबरोबर उडालेली ठिणगी कोणताही पट्टा ओलांडू शकते, तेव्हा धूर दिसला की पट्ट्यावर झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन माणसे उभी राहिलीच पाहिजेत.

जिथे यंत्र चालत नाही

सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारांवर ट्रॅक्टर नेणे म्हणजे चालकाचा जीव धोक्यात घालणे. आडव्या उतारावर ट्रॅक्टर उलटतो. अर्धी भरलेली टाकी तर अधिकच धोक्याची, कारण आतले पाणी एका बाजूला हेलकावते. अशा गावांसाठी ट्रॅक्टरऐवजी दोन ब्लोअर, विळे, दंताळी आणि मजुरी देणे जास्त उपयोगाचे. विदर्भाच्या पूर्व भागातल्या सपाट गावांत, किंवा जव्हार-मोखाड्याच्या माळावर, यंत्राला वाव आहे.

घाणेरीची गोष्टही वेगळी. टणटणी नावानेही ओळखले जाणारे हे झुडूप वाळले की जमिनीवरची आग झाडांच्या फांद्यांपर्यंत चढवते. स्लॅशरने ते वरून कापले तर पाऊस पडताच बुंध्यातून पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सोपी रीत दाखवली : कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे हाताचेच काम आहे. आणि सरसकट सगळी झाडोरी साफ करायची नाही. करवंद, बोर, मोहाची रोपे ही पाड्याची पुढची मिळकत आहे. कोणते ठेवायचे ते पाड्यावरच्या आजीला विचारावे, चालकाला नव्हे.

सावधगिरी

आग टाळायला आणलेले यंत्रच आग लावू शकते. पाते दगडावर आपटले की ठिणगी उडते, आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ अडकलेले गवत पेटते. म्हणून वाळल्या गवतातले काम सकाळी दव असतानाच करावे, उन्हे तापली की थांबवावे. जवळ पाण्याने भरलेले दोन पाठीवरचे पंप ठेवावेत, आणि काम संपल्यावर तासभर कोणीतरी तिथे थांबावे.

पीटीओ दांड्यावर झाकण नसेल तर ट्रॅक्टर सुरूच करू नये. साडीचा पदर, ओढणी किंवा गळ्यातला पंचा त्यात क्षणात ओढला जातो. स्लॅशरखालून दगड गोळीसारखा लांब उडतो. मुले यंत्र पाहायला धावतात, त्यांना दूर ठेवण्यासाठी एक मोठा माणूस नेमावा. मडगार्डवर कोणालाही बसवू नये.

परवानगी आणि ग्रामसभा

वनजमिनीवर स्वतःहून ट्रॅक्टर घालता येत नाही. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, मग हेतू जाळरेषेचा का असेना. घराभोवतीचे आणि स्वतःच्या शेतातले काम कुटुंबाने करावे, वनाच्या हद्दीवरचे काम वनरक्षकाशी बोलून. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला आपल्या भागातील वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा पट्टा कुठून जाईल, कोणाची झाडे वाचवायची आणि यंत्र कोणाच्या ताब्यात राहील, हे ग्रामसभेत ठरावे. बाहेरून आलेल्या आपण कोणी ते ठरवू नये.

आग दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांनी टिपलेल्या आगीची सूचना नोंदणी केलेल्या मोबाइलवर पाठवते. ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, तिथे टेकडीवर बसणारा राखणदार हाच उपग्रह.

आपण काय द्यावे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुष्कळदा गावात किंवा शेजारच्या गावात ट्रॅक्टर आधीच असतो आणि तो तासाच्या भाड्याने मिळतो. कमी असते ते औजार, डिझेल आणि दंताळे चालवणाऱ्यांची मजुरी. कृषी विभागाच्या यांत्रिकीकरण योजनेत औजारांना अनुदान आहे, त्यात अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांसाठी त्याचे प्रमाण जास्त असते, आणि अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करता येतो. कुटुंबाला भरायचा हिस्सा जमवणे आणि अर्ज भरायला मदत करणे, ही देणगीही नव्या ट्रॅक्टरइतकीच मोलाची.

दुसऱ्या फेरीचे पैसे विसरू नयेत. जानेवारीत पट्टा स्वच्छ झाला तरी साग आणि पळस पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतात, आणि पट्टा पुन्हा पाचोळ्याने भरतो. वर्षातून एकदाच साफ केलेला पट्टा ऐन एप्रिलमध्ये काही कामाचा राहत नाही. मोहाच्या झाडांखाली अंथरायला जुन्या जाळ्या किंवा कापड दिले, तर फुले वेचण्यासाठी पाचोळा पेटवण्याची गरजच उरत नाही. आपल्या महिला संघांना हे सहज जमेल.

शेवटी वेळेचे. पुनरुत्थानाच्या सणाला जमवलेल्या देणगीतून घेतलेले यंत्र पाड्यावर पोहोचते तेव्हा डोंगर काळे झालेले असतात. कापणीच्या सणाला, म्हणजे नाताळच्या आधी, हीच रक्कम आली तर डिसेंबरात गवत कापता येते, जानेवारीत पट्टा निघतो आणि मार्चमध्ये दुसरी फेरी होते. आपल्या मंडळीत या विषयावर बोलणार असाल, तर आधी दोन प्रश्न विचारा : पाडा सपाटीवर आहे की उतारावर, आणि ग्रामसभेने पट्ट्याची जागा ठरवली आहे का? त्यांची उत्तरे मिळाली की काय द्यायचे ते आपोआप ठरेल.