माळढोकाचं घर नकाशात मावत नाही
(लेखमाला ‘प्रवाही जग’ : भाग सहावा)

आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड (1861–1947) या गणितज्ञ-तत्त्वज्ञाची ओळख मागच्या भागात झाली. जग वस्तूंचं नसून घडामोडींचं बनलेलं आहे, हा त्याचा मूळ मुद्दा. 1929 साली आलेला त्याचा ‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथ इतका किचकट आहे की त्याचं नाव घेणारे शंभर आणि तो शेवटपर्यंत वाचणारे दोन, अशी गत. त्यामुळे आज ग्रंथ बाजूला ठेवू आणि नान्नजला जाऊ.

सोलापुरातून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज लागतं. मुरमाड जमीन, वर्षाला जेमतेम पाचसहाशे मिलिमीटर पाऊस आणि कुसळी, पवन्या, मारवेल असलं गवत. सरकारदप्तरी असल्या जमिनीला ‘पडीक’ म्हणायची जुनी खोड आहे. 1970 च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून इथे गवताचे पट्टे राखले गेले. त्याच सुमारास इथे माळढोक असल्याचं पक्षिनिरीक्षकांच्या ध्यानात आलं. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तेही तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या तालुक्यांवर सरसकट रेघ ओढली गेली. तिच्या आत गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा सगळंच आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि माणसं पक्ष्यावरच चिडली. पुढे हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. एवढं होऊनही नान्नजला माळढोक दिसणं आज दुर्मीळ आहे.

विजेच्या तारा, शिकार, मोकाट कुत्री अशी कारणं आहेतच. या पक्ष्याला समोरचं कमी दिसतं, म्हणून तारा त्याला भोवतात. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि महिनाभर ते उबवत बसते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जिवाला दोनचार अपघातही परवडत नाहीत. पण तत्त्वज्ञानाच्या अंगाने पाहिलं तर आणखी एक चूक दिसते. आपण माळाला वस्तू समजलो.

माळ टिकतो कसा, ते बघा. गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो, म्हणून शेंडा खाल्ला तरी ते पुन्हा फुटतं. पावसाळ्यात वाढायचं, दिवाळीनंतर वाळायचं, धनगरांच्या मेंढ्यांनी ते खायचं, त्यांच्या लेंड्यांनी मातीला खत मिळायचं, किड्यांवर पाखरांनी आणि मेंढ्यांवर लांडग्यांनी जगायचं, असं ते चक्र. चराई बेसुमार झाली तर माळ उजाड होतो. उलट, कुंपण घालून ती कायमची बंद केली तर वाळकं गवत साठतं, झुडपं चढतात, आणि मोकळ्यावर दूरवर नजर ठेवणाऱ्या माळढोकाची अडचण होते. त्यात ‘हिरवं ते चांगलं’ या समजुतीने माळावर गिरीपुष्पासारखी परकी झाडं लावली गेली. कुंपण झालं, झाडं झाली. माळ मात्र चालायचा थांबला. आजूबाजूला पाणी आलं तशी ज्वारी-करडईची जागा ऊस-द्राक्षांनी घेतली आणि पक्ष्याचं शेतातलं चरणंही आटलं.

व्हाइटहेडने अशा चुकीला नाव दिलं होतं: अमूर्ताला मूर्त समजणं. आपल्या सोयीसाठी काढलेली रेघ, दिलेलं नाव, केलेली नोंद हेच खरं, असं मानून चालणं. रेघ लागतेच, कायद्याला हद्दीशिवाय काम करता येत नाही, आणि वन खात्याला नुसतं नावं ठेवणं सोपं आहे. पण राखायची होती ती ये-जा, चरणं आणि पुन्हा फुटणं. राखली गेली ती रेघ.

वस्तू दिसते तिथे खरं तर घडामोड असते, हे जिवांच्या बाबतीतही तितकंच खरं आहे. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. आतड्याचं अस्तर काही दिवसांतच नवं होतं. 1930 च्या दशकात रुडॉल्फ शोएनहायमर याने जड हायड्रोजन आणि जड नायट्रोजनची खूण लावलेलं अन्न प्राण्यांना देऊन दाखवलं की शरीरातली चरबी आणि प्रथिनंसुद्धा सतत मोडतात आणि नव्याने बांधली जातात. पुरातल्या भीमेत एखादा भोवरा तासभर एकाच जागी दिसतो, पाणी मात्र क्षणाक्षणाला वेगळं असतं. देहाचंही तसंच. अर्थात सगळंच बदलतं असंही नाही. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी आणि डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्मभर तोच राहतो. जग घडामोडींचं मानणाऱ्या प्रक्रियावाद्यांनी हे विसरू नये. जॉन डुप्रे आणि डॅनियल निकल्सन यांनी 2018 मध्ये संपादित केलेल्या ‘एव्हरीथिंग फ्लोज’ या ग्रंथात जीवशास्त्राची अशी फेरमांडणी आहे, पण तिथेही टिकून राहणं म्हणजे काय, हाच वादाचा विषय आहे.

नान्नजमध्येच याचं आणखी एक उदाहरण आहे, आणि मला ते माळढोकाइतकंच आवडतं. द्राक्षाची वेल बी लावून करत नाहीत, कलम करतात. म्हणजे थॉमसन सीडलेसची सगळी बाग एका अर्थी एकाच वेलीचा विस्तार. मग मोजायच्या किती, एक की हजार? आणि ‘तीच’ म्हणावी तर मध्येच एखाद्या फांदीला वेगळे मणी लागतात. नान्नजचे नानासाहेब काळे यांनी असे फरक हेरले, त्या काड्या वाढवल्या, आणि त्यातून लांबट मण्यांचं ‘सोनाका’ आणि काळं ‘शरद सीडलेस’ हे वाण आले. जात ही ठरलेली, बंद गोष्ट आहे असं मानणाऱ्याने ती फांदी छाटून टाकली असती. काळ्यांनी ती वेगळी ओळखली.

चालत्या गोष्टीला बंद समजण्याची ही चूक शिकवतानाही होते, म्हणून आता शाळेकडे वळू. ‘द एम्स ऑफ एज्युकेशन’ या व्हाइटहेडच्या पुस्तकातला मुख्य लेख म्हणजे 1916 साली गणितशिक्षकांपुढे केलेलं भाषण. त्याची तक्रार होती ती मुलांच्या डोक्यात भरल्या जाणाऱ्या निर्जीव कल्पनांबद्दल: वापरल्या नाहीत, तपासल्या नाहीत, कशाशी जोडल्या नाहीत अशा. शिकण्याला लय असते, असं तो म्हणे. आधी विषयात रमणं, मग काटेकोरपणा, मग व्यापक समज. आणि पुन्हा नव्याने रमणं. आपल्याकडे पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर चढवतात. ‘सजीवांची लक्षणे लिहा’ हा प्रश्न पाठांतरावर सुटतो: वाढ, श्वसन, हालचाल, प्रजनन. गुण पैकीच्या पैकी.

त्याऐवजी मुलांच्या हातात एक कुसळ द्या. नोव्हेंबरात माळावरून चालून आलं की पायमोजात रुतून बसतं ते. एका टोकाला टोचरं, केसाळ बी; दुसऱ्या बाजूला पिळलेली, मध्ये वाकलेली काळसर लव. ते तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाका. पीळ उलगडू लागतो आणि वाकलेलं टोक घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. वाळलं की पुन्हा पिळतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर हे बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. आता विचारा, ही लव जिवंत आहे का? हालचाल तर आहे! पण लव मेलेल्या पेशींची असते. हलवतो तो ओलावा. वर्गात इथे भांडण जुंपतं, आणि जुंपायलाच हवं. मग व्याख्या काढा. ती मुलांना लागेल, कारण प्रश्न त्यांचा झालेला असेल.

हे परदेशातून आणायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. वारल्यांची मुलं गुरांमागे जात, म्हणून शाळाच कुरणावर गेली. मूल शाळेत ‘नाही’, अशी नोंद करून थांबणं सोपं होतं; त्या दोघींनी मूल कुठे आहे आणि तिथे काय करतं आहे, तिथून सुरुवात केली. प्रक्रियेचं तत्त्वज्ञान शिक्षणात उतरलं तर ते असं दिसतं, मग व्हाइटहेड वाचलेला असो वा नसो.

पुढच्या भागात व्हाइटहेड वाचून प्रभावित झालेला जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन आणि त्याने कल्पिलेला उतार पाहू. तोवर शिक्षकांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एक तास कुसळासाठी ठेवा. त्यासाठी नान्नजला जायची गरज नाही. जवळच्या कुठल्याही गायरानावर ते मिळेल. अभयारण्यातलं मात्र उचलू नका.