सार्वभौमत्व, स्वयंनिर्णय आणि बलप्रयोग : गोव्याच्या प्रश्नाच्या संदर्भात

सार्वभौमत्व, स्वयंनिर्णय आणि बलप्रयोगाचा निषेध या तीन संकल्पना आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात पायाभूत मानल्या जातात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५ च्या सनदेत तिन्हींना स्थान असल्याने त्या परस्परपूरक असाव्यात, असा समज होणे स्वाभाविक आहे. गोव्याच्या प्रश्नात मात्र त्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहिलेल्या दिसतात.

१९५१ मध्ये पोर्तुगालने घटनेत दुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. गोवा हा प्रांत ठरला, की तेथील कारभार पोर्तुगालचा अंतर्गत प्रश्न ठरतो, अशी ही भूमिका होती. आमसभेने ती अमान्य करून डिसेंबर १९६० मध्ये गोव्याची गणना अस्वायत्त प्रदेशांत केली. सार्वभौमत्वाचा दावा केवळ नामांतराने सिद्ध होत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना गोव्यात शिरताच प्रश्न सुरक्षा समितीपुढे आला. युद्धबंदी व भारतीय सैन्याची माघार यांची मागणी करणाऱ्या ठरावास सात मते अनुकूल व चार प्रतिकूल पडली. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनीही विरोधी मत दिले. अमेरिकेने बलप्रयोगाच्या निषेधावर भर दिला. भारताने वसाहतवादी सत्तेस मुळात सार्वभौम हक्कच नाही, असा युक्तिवाद केला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या क्रांतीनंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कराराने.

स्वयंनिर्णयाचा प्रश्न याहून बिकट आहे. निर्णय घेणारा ‘स्व’ कोण? गोमंतकीय हे भारतीय जनतेचेच अंग आहेत, या भूमिकेमुळे विलीनीकरणापूर्वी स्वतंत्र सार्वमत घेण्यात आले नाही. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश राहावे, एवढाच पर्याय होता. बहुमताने दुसरा स्वीकारला. म्हणजे मतदानापूर्वीच ‘स्व’ची सीमा ठरलेली असते, ती मतदानाने ठरत नाही.

या संकल्पनांच्या व्याख्या पाठ करणे सोपे आहे. कोणता पक्ष, कोणत्या प्रसंगी, कोणत्या संकल्पनेस अग्रस्थान देतो आणि कोणतीविषयी मौन पाळतो, हे पाहणे अवघड आहे. हा विचार स्वदेशाच्या भूमिकेलाही लावता आला, तरच अभ्यासास शास्त्राची प्रतिष्ठा लाभेल.