विश्लेषण : धाराशिव-मुंबई हवाई अंतर ३५० किमी, मग विमानानेही अर्धा दिवस का जातो?

मोबाइलवर धाराशिव ते मुंबई अंतर शोधले की एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे मिळतात. सरळ रेषेत सुमारे ३५० किमी, रस्त्याने साधारण ४०० आणि रेल्वेने ४५० च्या आसपास. यातले चुकीचे एकही नाही.

पहिला आकडा नकाशावर दोरी ताणून मोजल्यासारखा असतो. त्यात घाट, नद्या, वळणे काही येत नाही. रेल्वे मात्र कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत बोरघाट उतरते. लांबचा फेरा नेहमी तोट्याचाच असतो असेही नाही. बार्शी लाइट रेल्वेची जुनी नॅरोगेज येडशीवरून जायची, शहर बाजूलाच राहायचे. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला, म्हणून धाराशिवला स्टेशन मिळाले.

तिकिटावरची वेळ कोणती?

धाराशिवला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमानसेवा नाही. जवळचा पर्याय सोलापूर. तिथून मुंबईची सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली. सोलापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ३६० किमी. ताशी ८०० किमी वेगाने भागाकार केला तर उत्तर येते २७ मिनिटे. प्रत्यक्षात तासाभराहून अधिक वेळ धरावा लागतो.

कारण कमाल वेग फक्त उंचीवर मिळतो आणि इतक्या छोट्या प्रवासात विमान वर चढते न चढते तोच उतरायला लागते. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्या याच हिशेबात जमा होतात.

मग वेळ वाचतो का?

धाराशिवहून तुळजापूरमार्गे सोलापूर गाठून होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर पोहोचायला दीड तास सहज जातो. उड्डाणाआधी दीड तास, प्रवासाचा तास-सव्वा तास, मुंबईत बाहेर पडून शहरात शिरायला आणखी एक. बेरीज पाच-साडेपाच तासांवर जाते. गाडीने सात-आठ तास लागतात, म्हणजे वाचतात दोन-तीनच.

मंत्रालयात सकाळचे काम किंवा रुग्णालयात सकाळची वेळ असेल, तर रात्रीची लातूर-मुंबई एक्स्प्रेसच सोयीची. झोपेत अंतर कापले जाते, मुक्कामाचा खर्च वाचतो. ज्याला बसून प्रवास झेपत नाही, अशा रुग्णासाठी मात्र ते दोन-तीन तासही मोलाचे.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किमी रेल्वेमार्गाचे काम हाती घेण्यात आले आहे. तो पूर्ण झाला की सोलापूरला जाण्यासाठी कुर्डुवाडीचा वळसा उरणार नाही. तोवर विमान गाठायचे तर रस्त्यानेच. नवरात्रात तुळजापूरची गर्दी धरून तासभर आधी निघावे.