लेकरू बोलत नाही? आधी कान तपासा!

वाशिम तालुक्यातील अनसिंग असो की मुंबईतील एखादी वस्ती, दोन वर्षांचे लेकरू बोलत नसले की घरात उत्तर ठरलेले : 'त्याचा बापही उशिराच बोलला होता!' मग नवस, अंगारे, गंडेदोरे. आम्ही म्हणतो, आधी कान तपासा.

वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडले जातात. उशिरा बोलणारी अनेक मुले पुढे इतरांना गाठतात, हे खरे. पण लेकराला ऐकूच येत नसेल तर? वाट पाहण्यात भाषा शिकण्याची वर्षेच हातची जातात. ताट वाजवल्यावर मान वळवली म्हणजे कान ठीक, असेही नव्हे.

घरी वऱ्हाडी बोलल्याने मूल मागे पडते, हा निव्वळ गैरसमज आहे. आपल्या बोलीतच भरपूर बोला, मोबाईल बाजूला ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासायची असतात. श्रवणदोष व भाषेतील विलंब त्या तपासणीत येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही वाचा व भाषादोषाचा समावेश आहे. ही खैरात नव्हे, हक्क आहे!

पथक केव्हा आले, काय तपासले, हे अंगणवाडीताईंना विचारा. आले नसेल तर जाब मात्र वरच्यांना विचारा. जे लेकरू स्वतः मागू शकत नाही, त्याच्यासाठी आपणच बोलले पाहिजे.