शंभर सायकलींचा हिशोब

जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीचे स्पोक तुम्ही कधी मोजले आहेत काय? बहुधा पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० भरतील. मागच्या चाकावर भार अधिक असतो, म्हणून हा फरक.

आता समजा, एका कारखान्याकडे अशा १०० सायकलींची मागणी आली. स्पोक लागणार ७,२००. ते ग्रोसाने विकत मिळतात असे धरू. एक ग्रोस म्हणजे १४४ नग, तेव्हा ५० ग्रोस हवेत. कोठारात २० ग्रोस शिल्लक आहेत, म्हणजे ३० मागवायचे. माल यायला तीन आठवडे लागत असतील, तर चाके जुळवण्याच्या दिवसापासून तीन आठवडे मागे मोजावे आणि त्या तारखेस मागणीपत्र धाडावे. हाच हिशोब रिम, टायर, साखळी, छर्रे, रंग या सर्वांचा! गणित चौथीच्या मुलाला जमेल असे, पण भाग शेकडो आणि मागणी रोज बदलणारी. म्हणून तो संगणकावर सोपवण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी रुजवली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७५ साली निघाले.

पुढे या हिशोबाला खरेदी, विक्री, पगार आणि जमाखर्च जोडले गेले. जर्मनीत १९७२ साली आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी 'सॅप' ही कंपनी काढली, ती याच कामासाठी. अशा एकत्रित प्रणालीला १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने 'एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग' असे नाव दिले. आज सगळे 'ईआरपी' एवढेच म्हणतात.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला यात अक्षय्यतेचा नियम दिसतो. आरंभीचा साठा, अधिक आलेला माल, उणे गेलेला माल, बरोबर उरलेला साठा. स्पोक मधल्यामध्ये नाहीसे होत नाहीत. कोठारातून गेले तर ते चाकात, भंगारात किंवा कुणाच्या तरी खिशात असलेच पाहिजेत.

मात्र प्रणाली विकत आणली की काम झाले, असे नाही. ती सायकलवाल्यासाठी आणि साखर कारखान्यासाठी एकच असते. आपल्या मापाने ती बेतून घ्यावी लागते. कोठारे किती, कोणता माल कोणत्या एककात मोजायचा, खरेदीला मंजुरी कोणी द्यायची, आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते की १ जानेवारीला, हे सारे आधी ठरवून भरायचे. मग जुन्या वह्यांतील आकडे तपासून चढवायचे. हे काम फार कंटाळवाणे, आणि नेमके तिथेच घोटाळे होतात. वरच्या उदाहरणात शिल्लक '२० ग्रोस' ऐवजी '२० नग' अशी चढली तर? संगणक ७,१८० स्पोक कमी आहेत असे सांगेल आणि ३० ऐवजी ५० ग्रोस मागवेल. विद्यार्थी उत्तराला एकक लिहीत नाहीत तेव्हा आम्ही गुण कापतो, ते उगीच नाही.

मोठ्यांचेही असेच होते. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने नव्या प्रणालींवर सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्च केले. चार वर्षांचे काम, पण २००० साल लागताना जुने संगणक तारखा चुकवतील या धास्तीने ते अडीच वर्षांत उरकले. जुलै १९९९ मध्ये अनेक विभाग एकदमच नव्या प्रणालीवर गेले, आणि तेही ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाच्या मागण्या येऊ लागल्या असताना! चॉकलेटे तयार होती, तरीही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या झाल्या नाहीत. गर्दीच्या दिवसांत माल ठेवायच्या काही जादा जागा प्रणालीत नोंदलेल्याच नव्हत्या, असे पुढे छापून आले. तिथला माल संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

यासाठी जाणकार एकेक विभाग पालटतात, आणि काही दिवस जुनी वही व नवी प्रणाली शेजारी शेजारी चालवतात. दोन्हींची शिल्लक रोज ताडून पाहायची. काम दुप्पट होते, कारकून कुरकुरतात. पण चूक लहान असतानाच सापडते.

शिक्षकांना हे वर्गात करून पाहता येईल. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे 'ईआरपीनेक्स्ट' मुक्तस्रोत असल्याने त्याची आज्ञावली विनामूल्य मिळते. शाळेच्या प्रयोगशाळेचे सामान त्यात चढवावे. ॲसिड मिलिलिटरमध्ये की बाटल्यांत, तारा मीटरमध्ये की वेटोळ्यांत, हे मुलांनीच ठरवावे. परीक्षानळ्यांचा आकडा मात्र वहीतून उतरवू नये. पेटी उघडून नळ्या मोजाव्या, फुटक्या वेगळ्या काढाव्या, आणि मगच तो चढवावा.